शीण उतरतो, उबग उतरत नाही

मार्च महिना होता. सातवीतली एक मुलगी माझ्या टेबलाशी येऊन रडत उभी राहिली. तिच्या वडिलांना आदल्या रात्री दवाखान्यात ठेवलं होतं. मी तिच्याकडे पाहिलं आणि मनात पहिला विचार आला तो हा, की आता हिचं किती वेळ चालणार. समोर न तपासलेल्या पेपरांचा गठ्ठा होता. फोनवर ‘आजच्या आज माहिती भरून पाठवा’ असे निरोप येत होते. घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंकडे बघणाऱ्या मावशी दोन वाजता निघून जाणार होत्या. मी त्या मुलीला म्हटलं, “जा, बस जागेवर.” ती जाऊन बसली.

रात्री सासूबाईंची कूस बदलताना मला ते आठवलं. अठरा वर्षं शिकवते आहे, आणि मी तिच्या पाठीवरून साधा हातही फिरवला नव्हता. वाईट वाटायला हवं होतं. तेही नीट वाटत नव्हतं.

त्या काळात कोणी विचारलं असतं तर ‘दमलेय’ एवढंच मी सांगितलं असतं. पण दमणं मला चांगलं ठाऊक होतं. दिवाळीचा फराळ उरकला की माणूस दमतो, काढणी झाली की दमतो, चाळीस मुलांना सहलीला नेऊन सुखरूप परत आणलं की दमतो. ते दमणं दोन रात्रींच्या झोपेने जातं आणि त्यात एक समाधानही असतं. आपल्या भाषेत त्याला शीण म्हणतात, आणि शीण ‘उतरतो’. उबगाला हे क्रियापद लागत नाही. उबग येतो आणि ठाण मांडून बसतो. जीव विटतो, कशात राम वाटत नाही. या दोन अवस्था वेगळ्या आहेत म्हणूनच त्यांना शब्दही वेगळे आहेत. सध्या जिकडेतिकडे ऐकू येणारा ‘बर्नआउट’ हा शब्द या दुसऱ्या अवस्थेच्या जवळचा आहे. मला हा फरक कळायला दीड वर्ष लागलं. तो आधी कळला असता तर घरातली बरीच भांडणं आणि माझी तब्येतही वाचली असती, म्हणून जे समजलं ते इथे मांडते आहे.

विहीर आणि मोटर

माझं माहेर शेतकऱ्याचं. पाणबुडी मोटर पाण्यामुळेच थंड राहते, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. विहिरीतलं पाणी खाली गेलं की ती तापते आणि तरीही फिरत राहिली की जळते. मोटर जळाली तर माझे वडील मोटरीला बोल लावत नसत. पाण्याची पातळी कुठे होती, उपसा किती झाला, झरे का मंदावले, हे ते बघत. माणसाच्या बाबतीत मात्र आपण आधी मोटरीलाच बोलतो. हिची सहनशक्ती कमी, हिला नियोजन जमत नाही, हिचा स्वभावच चिडका.

बर्नआउट या शब्दाला शास्त्रात जागा मिळाली तीही अशाच उपसा होणाऱ्या माणसांमुळे. हर्बर्ट फ्रॉयडनबर्गर हे न्यूयॉर्कमधले मानसशास्त्रज्ञ. दिवसभर स्वतःचा व्यवसाय करून रात्री ते गरिबांसाठीच्या एका मोफत दवाखान्यात काम करत. तिथे मन लावून सेवा करणारी तरुण मुलं साधारण वर्षभरात बदलतात, असं त्यांच्या लक्षात आलं. सर्दी बरी होत नाही, डोकं दुखतं, पोट बिघडतं, झोप लागत नाही, बारीकसारीक गोष्टीवरून राग येतो. तास वाढत जातात आणि हातून होणारं काम घटत जातं. व्यसनाने पोखरलेल्या माणसांसाठी तिथल्या बोलीत असलेला शब्द त्यांनी या सेवकांसाठी वापरला आणि १९७४ साली त्यावर लेख लिहिला. स्वतःलाही हा अनुभव आल्याचं त्यांनी लपवलं नाही. त्यांचं एक निरीक्षण मला फार महत्त्वाचं वाटतं : ज्यांना कामाची तळमळ असते, तेच आधी जळतात. ज्याला काही पडलेली नसते त्याची विहीर आटत नाही, कारण तो उपसाच करत नाही.

पुढे कॅलिफोर्नियातल्या बर्कले विद्यापीठातील ख्रिस्टिना मास्लाक यांनी परिचारिका, शिक्षक, समाजसेवक अशा माणसांशी सतत संबंध येणाऱ्यांचा अभ्यास केला. १९८१ मध्ये त्यांनी सुझन जॅक्सन यांच्याबरोबर बर्नआउट मोजणारी प्रश्नावली तयार केली. त्यातून तीन लक्षणं पुढे आली आणि आजही जगभर तीच धरली जातात. पहिलं, रिकामं होणं. दुसरं, काम आणि माणसं यांच्यापासून तुटणं, त्यांच्याविषयी मनात कडवटपणा येणं. तिसरं, आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटू लागणं.

पहिलं सगळ्यांना दिसतं. तिसरं माणसाला स्वतःला टोचतं. दुसऱ्याकडे मात्र कोणीच लक्षण म्हणून बघत नाही. ते दिसतं चिडचिडीसारखं, कोरडेपणासारखं, टोमण्यासारखं. बँकेतला एरवी हसतमुख असणारा माणूस ग्राहकाच्या तोंडाकडे न बघता ‘तीन नंबरला जा’ म्हणतो. परिचारिका पेशंटला नावाऐवजी ‘बेड नंबर सहा’ म्हणू लागते. शिक्षकांच्या खोलीत ‘ही पोरं सुधारायची नाहीत’ हे वाक्य रोज ऐकू येतं. हा माणूस बिघडलेला नसतो. आत उरलेलं थोडं पाणी वाचवण्यासाठी त्याच्या मनाने झडप बंद केलेली असते. दुसऱ्याचं दुःख आत घेतलं की आणखी उपसा होणार, म्हणून ते आत घ्यायचंच नाही. मी त्या मुलीला जागेवर पाठवलं तेव्हा हेच घडलं होतं. आपल्या घरातलं मायाळू माणूस दगडासारखं वागायला लागलं, तर त्याच्या स्वभावाविषयी बोलण्याआधी सहा महिन्यांत त्याच्यावर काय काय पडलं याचा हिशेब करावा, असं मला कळकळीने सांगायचं आहे.

दमून आडवं पडलं तरी झोप का येत नाही

ताण ही वाईट गोष्ट नाही. समोर साप दिसला की शरीरात ॲड्रिनलिन वाढतं, छातीत धडधडतं, रक्त हातापायांकडे धावतं. ताण लांबला की मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथींमधून कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक अधिक येतं आणि शरीराला इंधन पुरवत राहतं. साप निघून गेला की सगळं पूर्ववत. ही व्यवस्था काही मिनिटांच्या, फार तर काही दिवसांच्या संकटासाठी आहे.

आता साप जातच नाही अशी कल्पना करा. सकाळी साडेपाचला डोळे उघडले की पहिला हात फोनवर, त्यावर रात्री अकरानंतर आलेले निरोप. दिवसभर एक डोळा घड्याळावर. रात्री शेजारच्या खोलीतून हाक येईल म्हणून कान जागे. शरीराला ‘आता धोका टळला’ ही खूण मिळतच नाही. कॉर्टिसॉलची पातळी एरवी सकाळी चढी आणि रात्री उतरती असते. सततच्या ताणात ही लय विस्कटू शकते. म्हणून अंग मोडून येतं आणि डोकं मात्र टक्क जागं असतं. पहाटे तीनला जाग येते, ती उद्या काय काय राहिलंय याची यादी घेऊनच. स्मरणशक्ती दगा देते. मी एकाच वर्गात एकच धडा दोन दिवस शिकवला होता, मुलांनी सांगेपर्यंत मला पत्ता नव्हता. वर्तमानपत्राचा एक परिच्छेद तीनदा वाचूनही डोक्यात शिरत नसे.

बर्नआउट दाखवणारी रक्ताची तपासणी नाही. पण म्हणून तपासण्या टाळायच्या असं मुळीच नाही. आमच्या गावातल्या डॉक्टरांनी आधी हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर आणि बी-१२ बघितलं, आणि ते योग्यच होतं. २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांमध्ये रक्ताची कमतरता आढळली आहे. त्यामुळे ‘मला बर्नआउट झालंय’ असं ठरवून मोकळं होण्याआधी लोहाच्या गोळ्यांनी जाणारा थकवा कुठला, हे पाहिलंच पाहिजे. चाळिशीनंतर पाळी जाण्याआधीच्या वर्षांत झोप आणि मनःस्थिती बदलते. घोरणाऱ्या माणसाचा झोपेत श्वास अडकत असेल तर आठ तास झोपूनही तो थकलेलाच उठतो. माझं हिमोग्लोबिन कमी निघालं. गोळ्यांनी ते वाढलं, जिना चढताना लागणारी धाप गेली. उबग तसाच राहिला. तेव्हा कळलं की दोन गोष्टी एकत्र होत्या.

नैराश्याशीही याची गल्लत होते. ढोबळ खूण अशी, की बर्नआउट सुरुवातीला एखाद्या जागेशी, एखाद्या भूमिकेशी बांधलेला असतो. शाळेच्या फाटकापाशी पोटात गोळा येतो, पण माहेरी भाऊबहीण जमल्यावर हसू येतं. नैराश्यात ते हसूही जातं. आवडीचं जेवण, आवडीचं माणूस, काहीच पोहोचत नाही. दुर्लक्ष झालं तर पहिल्यातून दुसऱ्यात घसरायला वेळ लागत नाही आणि दोन्ही एकाच वेळी असू शकतात. ‘आपण नसलेलं बरं’ असा विचार एकदा जरी मनात डोकावला, तर घरगुती उपायांमध्ये दिवस घालवू नयेत. केंद्र सरकारची ‘टेली मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते आणि तिथे मराठीतून बोलता येतं. मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणं म्हणजे वेड लागणं, ही समजूत आमच्या तालुक्याच्या गावात अजून आहे. मीही जायला चार महिने घालवले. ते चार महिने मला परत मिळाले तर हवे आहेत.

घर हे कामाचं ठिकाण आहे

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात बर्नआउटची नोंद आहे, पण आजार म्हणून नाही. नीट हाताळल्या न गेलेल्या, कामाच्या ठिकाणच्या दीर्घ ताणातून येणारी अवस्था, अशी तिची व्याख्या आहे, आणि हा शब्द नोकरी-व्यवसायाबाहेरच्या आयुष्याला लावू नये असंही तिथे म्हटलं आहे. वर्गीकरण करणाऱ्यांना कुठेतरी रेघ ओढावी लागते हे समजतं. पण ज्या बाईचं ‘कामाचं ठिकाण’ स्वयंपाकघर आणि आजाऱ्याची खाट आहे, तिच्या बाबतीत ही रेघ मला मान्य नाही. तिथे वेळ आहे, जबाबदारी आहे, चूक झाली तर बोलणी आहेत. साप्ताहिक सुट्टी तेवढी नाही.

केंद्र सरकारने २०२४ मध्ये केलेल्या वेळ-वापर सर्वेक्षणातले आकडे बोलके आहेत. घरची बिनपगारी कामं करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात. जे पुरुष ही कामं करतात, त्यांचा वेळ ८८ मिनिटं. म्हणजे जवळजवळ पाच तासांच्या समोर दीड तास, आणि त्यातही ही कामं मुळात करणाऱ्या पुरुषांची संख्या बायकांपेक्षा खूपच कमी आहे. मिनिटांत न मावणारं काम वेगळंच. गॅस कधी संपेल, रक्तदाबाच्या गोळ्या किती उरल्या, कोणाच्या बारशाला काय न्यायचं, मुलाची फी भरायची तारीख कोणती, कामवाली परवा येणार नाही मग भांडी कोण घासणार. हे सगळं एकाच डोक्यात सतत फिरत असतं. मी वर्गात गुणाकार शिकवत असतानाही ते फिरत होतं.

आईबापांच्या बाबतीत यावर शास्त्रीय काम झालेलं आहे. बेल्जियममधल्या इझाबेल रॉस्काम आणि मोइरा मिकोलायचाक या संशोधकांनी पालकत्वातला बर्नआउट वेगळा अभ्यासला. त्याची चार लक्षणं त्या सांगतात : पालक म्हणून पार रिकामं होणं, मुलांपासून मनाने दूर जाणं, त्यांच्यात काही गोडी न वाटणं, आणि ‘मी आधी अशी नव्हते’ ही बोचणी. या चौथ्या लक्षणाने माझ्या काळजाला हात घातला, कारण सासूबाईंच्या बाबतीत मला नेमकं तेच वाटत होतं. पक्षाघातानंतरचं पहिलं वर्ष मी त्यांच्याशी गप्पा मारत त्यांना भरवत असे. तिसऱ्या वर्षी मी एक शब्दही न बोलता भरवत होते. ४२ देशांतल्या सतरा हजारांहून अधिक पालकांवरच्या या गटाच्या पाहणीत, ज्या समाजात ज्याचं त्याने बघायचं अशी रीत आहे तिथे पालकांचा बर्नआउट जास्त आढळला. म्हणजे मूल सांभाळायला चार हात असणं हे औषध आहे. मात्र आपल्याकडे घर भरलेलं असतं आणि हात दोनच चालतात, असंही होतं. माणसं मोजून उपयोग नाही, हात मोजावे लागतात.

शिवाय आपल्याकडे या जळण्याला मान आहे. ‘किती सोशिक आहे बाई’ हे कौतुकाचं वाक्य आहे. ते ऐकलं की मोटर आणखी दोन तास चालवली जाते. मला ते वाक्य आवडत होतं, हे मी खरं सांगते. त्यामुळेच नाही म्हणणं अधिक कठीण गेलं.

उपसा का होतो

कामाचा बोजा हे पहिलं कारण सगळेच सांगतात आणि ते खरंच आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका अंदाजे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो. बारा तासांच्या पाळ्या करणारे सुरक्षारक्षक, रात्रीचे परदेशी ग्राहकांचे कॉल घेऊन सकाळी मुलाला शाळेत सोडणारे हिंजवडीतले अभियंते, यांनी हा आकडा पुन्हा वाचावा.

पण नुसत्या तासांनी हा हिशेब लागत नाही. मास्लाक आणि मायकल लायटर यांनी बोजाबरोबर आणखी पाच गोष्टी सांगितल्या : कामावर आपला ताबा किती, मोबदला आणि कौतुक, सोबतची माणसं, न्याय, आणि आपल्याला पटणारं काम आपण करतोय का. माझ्या अनुभवात ताबा आणि पटणं या दोन गोष्टी सर्वांत जास्त जाळतात. मला मुलांना शिकवण्याने कधी उबग आला नाही. दिवसाचे सहा तास शिकवलं तर शीण येतो, उबग नाही. उबग आला तो तीच माहिती तीन वेगवेगळ्या तक्त्यांत, तीन वेगवेगळ्या लोकांना, दर वेळी तासाभराच्या मुदतीत पाठवण्याने. वर्ग सोडून पोर्टलवर आकडे भरत बसले की मी ज्या कामासाठी या पेशात आले तेच काम राहून जायचं. गावात आरोग्यसेवेचं काम करणाऱ्या आशाताईही हेच सांगतात, आणि बँकेत कर्ज घ्यायला आलेल्या म्हाताऱ्याला विमा गळ्यात मारावा लागतो म्हणून रात्री झोप न येणारा अधिकारीही हेच सांगतो. मनाविरुद्ध हसत राहावं लागणं, हेही काम आहे. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ मध्ये त्याला भावनिक श्रम असं नाव दिलं. पगाराच्या चिठ्ठीवर ते कुठेच नसतं.

न्यायाचं एकच सांगते. जी नाही म्हणत नाही तिच्याकडेच पुढचं काम येतं. शाळेत तसं, घरातही तसंच.

पाणी भरायला वेळ लागतो

पहिली गोष्ट मोटर बंद करण्याची. मला डॉक्टरांनी सहा आठवड्यांची वैद्यकीय रजा घ्यायला लावली. पहिले दहा-बारा दिवस मी फक्त झोपले आणि रडले. त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. ताणाखाली दाबून ठेवलेलं सगळं तेव्हाच वर येतं. या दिवसांत ‘रिकामा वेळ आहे तर कपाटं आवरून घे’ असं कोणी म्हणालं तर ऐकू नये.

मात्र रजेवर सगळी भिस्त ठेवू नये. इस्रायलमध्ये १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुट्टीआधी, सुट्टीत आणि सुट्टीनंतर कर्मचाऱ्यांचा बर्नआउट मोजला होता. सुट्टीत तो उतरला आणि कामावर परतल्यानंतर तीन आठवड्यांत होता तिथे आला. चार दिवस महाबळेश्वरला जाऊन आलं की बरं वाटतं आणि पुढच्या सोमवारी पुन्हा तेच, याचा अर्थ सुट्टी वाया गेली असा नाही. विहिरीत थोडं पाणी साठलं आणि आपण परत तेवढ्याच तासांचा उपसा सुरू केला, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून रजेचा खरा उपयोग उपसा कमी कसा होईल हे ठरवण्यासाठी करायचा.

आमच्या घरी आम्ही एका रविवारी सगळी कामं कागदावर लिहिली, डोक्यात फिरणारीसुद्धा. तीन पानं झाली. नवऱ्याने ती वाचली आणि बराच वेळ गप्प बसला. तोपर्यंत तो ‘मी मदत करतो की’ असं मनापासून म्हणत असे आणि खरंच करतही असे. पण मदत म्हटलं की काम माझंच राहतं. त्याला सांगायचं मला, आठवण करायची मला, कसं झालं ते बघायचं मला. आम्ही कामं मुळापासून वाटली. सासूबाईंची औषधं, डॉक्टरांच्या तारखा आणि रात्रीची पाळी पूर्ण त्याची. गोळ्या संपल्या तर तो जबाबदार, मी त्यात डोकावायचं नाही. कामं वाटून देण्यापेक्षा हे डोकावणं थांबवायला मला जास्त त्रास झाला. पुण्यातल्या धाकट्या दिरांशी सासूबाईंच्या खर्चाचं बोलणं झालं आणि त्यातून रात्री चार तासांसाठी ब्यूरोतून एक बाई ठेवली. नणंदेने वर्षातून दोनदा पंधरा-पंधरा दिवस आईला स्वतःकडे न्यायचं कबूल केलं. ही बोलणी गोड झाली नाहीत. एका जेवणावरून सगळे उठून गेले होते. तरीही ती करावीच लागतात, कारण आपण जळून पडलो तर तीच बोलणी दवाखान्याच्या व्हरांड्यात करावी लागतात.

कामाच्या ठिकाणी ‘मला फार ताण आहे’ एवढंच सांगितलं तर समोरचा सहानुभूती दाखवतो आणि काही बदलत नाही. नेमकं काय काढून घ्यायचं ते आपण सांगितलं तर निदान चर्चा सुरू होते. मी मुख्याध्यापकांना म्हटलं, “माहितीचे तक्ते माझ्या एकटीकडेच नको, पाच जणांत आळीपाळीने द्या, आणि संध्याकाळी सातनंतरचे निरोप मी सकाळीच बघणार.” दुसरी अट सहज मान्य झाली, हे मला अजून नवल वाटतं. पहिलीला दोन महिने लागले.

जर्मन मानसशास्त्रज्ञ झाबिने झोनेनटाग यांनी कामानंतर माणूस सावरतो कसा याचा अभ्यास केला आहे. त्यांच्या मांडणीत चार गोष्टी येतात : कामापासून मनानेही सुटणं, शरीर सैल होणं, काहीतरी नवं शिकण्यातला आनंद, आणि स्वतःचा वेळ आपल्या मर्जीने घालवता येणं. सोफ्यावर पडून फोन चाळत बसण्यात यातलं फारसं काही होत नाही, कारण त्याच फोनवर कामाचे गटही असतात. मी पेटी शिकायला जाते, गुरुवारी. बोटं अजून अडखळतात. त्या तासात शाळेचा विचार डोक्यात शिरायला जागाच राहत नाही.

हे सगळं ज्यांना जमण्यासारखंच नाही अशी माणसं आपल्या आजूबाजूला आहेत, आणि त्यांच्याविषयी न लिहिता पुढे जाणं मला शक्य नाही. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला रजा घे म्हणणं म्हणजे पगार सोड म्हणणं. तिला एकटीने काही बदलता येत नाही. पुण्यात १९८० साली मोलकरणींनी संप केला आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. रजा, बोनस, बोलण्यातला मान या गोष्टी अशा एकजुटीतूनच मिळत आल्या आहेत. आपल्याकडे काम करणाऱ्या मावशींना आठवड्याची भरपगारी सुट्टी आहे का, हा प्रश्न बर्नआउटविषयी वाचणाऱ्या प्रत्येकाने स्वतःच्या घरात विचारायला हवा. मी तो उशिरा विचारला.

सावरायला किती वेळ लागतो, याचं उत्तर आठवड्यांत नसतं. स्वीडनमध्ये २००५ पासून अशा खोल थकव्याला वैद्यकीय निदान म्हणून मान्यता आहे आणि तिथल्या रुग्णांमध्ये एकाग्रतेची, स्मरणाची तक्रार कधीकधी वर्षानुवर्षं रेंगाळते. मला पूर्ण लेख सलग वाचता यायला आठ महिने लागले. मधे चांगले पंधरा दिवस आले की मी जोरात कामाला लागायची आणि पुन्हा झोपून जायची. नुकतंच पाणी दिसू लागलेल्या विहिरीवर आमचे वडील दिवसाला एकच तास मोटर लावत. तसंच करायला हवं होतं.

घरच्यांसाठी थोडंसं. ‘सगळ्यांनाच असतं’, ‘आमच्या वेळी तर’, ‘जरा सकारात्मक विचार कर’, ही वाक्यं नकोत. ‘काही लागलं तर सांग’ हेही नको, कारण काय लागतं हे ठरवण्याचंच त्राण गेलेलं असतं. माझी एक सहकारी न विचारता दर मंगळवारी डबा घेऊन यायची, देऊन लगेच निघून जायची. त्या डब्याचं मोल मी शब्दांत सांगू शकत नाही.

आता माझ्या कपाटाच्या दाराला आतून एक चिठ्ठी लावलेली आहे. तिच्यावर माझ्या तीन खुणा लिहिल्या आहेत : पहाटे तीनला सलग तीन दिवस जाग, पेटीच्या वर्गाला दांडी, आणि कोणालाही ‘जा, बस जागेवर’ या सुरात बोलणं. तिसरी मला स्वतःला ऐकू येत नाही, म्हणून ती नवऱ्याकडे दिली आहे. गेल्या महिन्यात त्याने दोनदा विचारलं. पहिल्यांदा मी त्याच्यावर वैतागले. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी कागद घेतला आणि दोन दिवसांच्या रजेचा अर्ज लिहिला.